कुत्र्या-मांजरासह भाड्याचं घर, तेही बिलं धरून: पुण्यात घर शोधणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या काही वर्षांत आम्ही पुण्यात तीन घरं बदलली. सोबत बंड्या (देशी, बावीस किलो, वॉचमनवर विशेष जीव) आणि साखरी (मांजर, कुणावरच विशेष जीव नाही). तेव्हापासून ओळखीच्या आणि ओळखीच्यांच्या ओळखीच्या लोकांचे प्रश्न येत असतात आणि ते बहुतेक तेच ते असतात. म्हणून सगळे एका जागी घेतले. भाड्याचे रिवाज पुण्याचे आहेत. करार आणि नोंदणीबद्दल लिहिलंय ते राज्यभर लागू आहे. मी वकील नाही, त्यामुळे मोठ्या रकमेचा वाद असेल तर वकिलालाच विचारा.

१. जाहिरातीत 'पेट्स अलाउड' लिहिलंय. म्हणजे कुत्रा चालेलच ना?

तेवढ्यावर विसंबू नका. जाहिरात पुष्कळदा एजंटने टाकलेली असते आणि जास्त फोन यावेत म्हणून तो सगळ्याच खुणा करून ठेवतो. फोनवर 'हो हो, चालतं' म्हणणाऱ्याच्या डोळ्यांपुढे फिश टँक असतो, फार तर एखादं पामेरियन. पहिल्याच फोनवर प्राणी कोणता, किती आणि केवढा ते सांगून टाका. होकार एजंटचा आहे की मालकाचा, हेही विचारा. घर बघायला निघण्याआधी मालकाकडून व्हॉट्सॲपवर एका ओळीचा होकार मागवा. तेवढं लिहायलाही जो तयार नाही, त्याच्या घरासाठी रविवार घालवू नका.

२. आधीच सांगितलं की एजंट घरच दाखवत नाहीत. राहायला गेल्यावर सांगितलं तर?

मोह होतो, कळतं मला. पण कुत्रा लपत नाही. पहिल्या आठवड्यात वॉचमनला कळतं, दुसऱ्यात सेक्रेटरीला आणि मग मालकाला तिसऱ्याच माणसाकडून कळतं. करारात प्राण्यांना मनाई असेल तर त्याच्या हातात अटभंगाचं कारण येतं. एजंटची दलाली (पुण्यात बहुतेक एक महिन्याचं भाडं), टेम्पोचं भाडं, रंगाची वजावट हे सगळं तुमच्या अंगावर पडतं आणि महिनाभरात पुन्हा घर शोधायचं ते वेगळंच.

उलट आधी सांगितल्याने आम्हाला एकदा फायदाच झाला. धायरीच्या एका काकांनी 'चावतो का?' हे विचारलंच नाही. त्यांचा प्रश्न होता, "तुम्ही दोघं कामाला गेलात की तो रडतो का?" बरोबर प्रश्न होता तो. आम्ही खरं सांगितलं, पहिले काही दिवस रडेल. त्यांनी घर दिलं.

३. मग अशी घरं मिळतात तरी कुठे?

प्राणी चालणारी घरं आणि बिलं धरून मिळणारी घरं या दोन वेगळ्या याद्या आहेत. दोन्हींत येणारं घर म्हणजे बहुतेक वेळा बंगल्याचा एखादा भाग. मालक खाली राहतात, वरचा मजला किंवा मागची वन बीएचके भाड्याने देतात. मीटर एकच, पाण्याची टाकी एकच, त्यामुळे भाडं आपसूकच 'सगळं धरून' ठरतं. सोसायटी नाही, लिफ्ट नाही, सेक्रेटरी नाही. राजी करायचं ते एकाच कुटुंबाला. कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर, औंध इथल्या जुन्या बंगल्यांच्या गल्ल्यांत अशी घरं अजून आहेत, पण ती साइटवर क्वचितच येतात. गेटवर पुठ्ठ्याची पाटी लागते किंवा कोपऱ्यावरच्या वाण्याला, इस्त्रीवाल्याला माहीत असतं. संध्याकाळी पायी हिंडा.

दुसरा मार्ग मोठ्या संकुलांचा: वाकड, बाणेर, हिंजवडी, खराडी. आवडलेल्या संकुलाबाहेर सकाळी सात वाजता जाऊन उभे राहा. दहा-बारा कुत्री फिरायला बाहेर पडताना दिसली तर तिथलं भांडण आधीच कुणीतरी भांडून झालंय असं समजा. त्या कुत्र्यांच्या माणसांशी बोला. कोणत्या विंगेत कोण भाड्याने देतंय हे त्यांना एजंटपेक्षा जास्त ठाऊक असतं. इथे बिलं मात्र सहसा वेगळी असतात.

को-लिव्हिंग आणि पीजीमध्ये बिलं धरलेली असतात, पण प्राणी जवळपास कुठेच चालत नाहीत. त्यात वेळ घालवू नका.

४. 'सगळं धरून' म्हणजे नक्की काय काय?

हे ज्याच्या त्याच्या मनावर आहे. कुणाच्या लेखी फक्त सोसायटीचा मेंटेनन्स, कुणाच्या लेखी मेंटेनन्स आणि पाणी, तर कुणी लाइट बिल आणि वायफायही धरतो. म्हणून एकेक नाव घेऊन विचारा: मेंटेनन्स, पाणी, वीज, गॅस, इंटरनेट, कचऱ्याचे पैसे, पार्किंग.

पाण्याबद्दल दोनदा विचारा. टँकरवर चालणाऱ्या संकुलांत उन्हाळ्यात सोसायटी टँकरचा खर्च वेगळा लावते आणि मालक म्हणतो, 'मेंटेनन्स धरलाय, टँकर नाही.' पाइपच्या गॅसचं बिल दर महिन्याला येईलच असं नाही, बहुधा दोन महिन्यांचं एकदम येतं. घर सोडताना शेवटचं बिल कोण भरणार, हे तेव्हाच ठरवा.

घर भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी मालकाकडून जो बिनभोगवटा आकार घेते, तो सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. २००१ च्या शासन आदेशापासून हे असंच आहे. तो मालकाने भरायचा. 'भाडेकरू ठेवला म्हणून सोसायटी दुप्पट घेते' असं सांगून तुमच्याकडून पैसे मागितले, तर सोसायटीचं बिल दाखवायला सांगा.

५. बिलं धरून घेतलं तर स्वस्त पडतं का?

हिशेब करूनच कळतं. समजा, साध्या घराचं भाडं १८,००० आहे. मेंटेनन्स २,५००, वीज १,२००, गॅस ४००, वायफाय ७०० धरले तर महिन्याला २२,८०० झाले. तसंच घर 'सगळं धरून' २४,००० ला मिळत असेल तर बाराशे रुपये कटकट वाचवण्याचे आहेत. माझ्या मते आठ-दहा टक्क्यांपर्यंतचा फरक ठीक, त्यापुढे नाही.

प्राणी असलेल्या घराचं गणित मात्र थोडं वेगळं. हस्की किंवा पर्शियन मांजर असेल तर एप्रिल-मे महिन्यांत एसी लागतोच. दीड टनाचा एसी तासाला साधारण एक ते दीड युनिट खातो. रोज आठ तास म्हणजे महिन्याला अडीचशे-तीनशे युनिट नुसत्या एसीचे. अशा घराला ठरावीक रकमेत वीज मिळाली तर ती तुमच्या फायद्याची आणि मालकाला पहिल्या मे महिन्यातच खुपणारी. त्यामुळे एसी आहे हे लपवू नका, मर्यादा आधीच ठरवून घ्या. (आमच्या बंड्याला ओली फरशी आणि पंखा पुरतो. देशी कुत्र्याचे फायदे मी सांगायला लागलो तर हे पान संपणार नाही.)

६. मालक म्हणतात, २०० युनिटपर्यंत भाड्यात, पुढचं तुमचं. हे रास्त आहे का?

मर्यादा घालणं रास्तच आहे. मेख पुढच्या युनिटच्या दरात असते. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत: १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा, त्यापुढे चौथा, आणि दर टप्प्यागणिक चढतो. मालकाचं आणि तुमचं घर एकाच मीटरवर असेल तर दोघांचे दोनशे-दोनशे मिळून चारशे होतात आणि वरचे शंभर युनिट तिसऱ्या टप्प्याच्या दराने लागतात. वेगळे मीटर असते तर दोघंही दुसऱ्यातच राहिले असते. हा जादा भार एकट्या भाडेकरूवर पडू नये.

त्यावर तोडगा सोपा आहे. वरच्या मजल्याला सब-मीटर बसवून घ्या. महिन्याच्या एकूण बिलाला एकूण युनिटनी भागा आणि जो सरासरी दर येईल त्याने तुमच्या जादा युनिटचे पैसे द्या. मूळ बिल दर महिन्याला बघायला मिळेल असं ठरवा आणि राहायला येण्याच्या दिवशी दोन्ही मीटरचे फोटो काढा.

७. मालक कुत्रा-मांजर नको म्हणू शकतो का? कायदा प्राण्यांच्या बाजूने आहे ना?

म्हणू शकतो. घर त्याचं आहे आणि कुणाला कोणत्या अटीवर द्यायचं हे तो ठरवतो. लोक इथे मोठी गल्लत करतात. प्राण्यांबद्दलची जी परिपत्रकं व्हॉट्सॲपवर फिरतात ती सोसायट्यांसाठी आहेत, घर देऊ पाहणाऱ्या मालकासाठी नाहीत. ती मालकापुढे नाचवलीत तर घर हातचं जाईल. सोसायटीचं वेगळं, ते पुढच्या प्रश्नात.

८. मालक तयार आहे, पण सोसायटीच्या नियमात 'भाडेकरूंनी प्राणी पाळू नयेत' असं आहे. आता?

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २६ फेब्रुवारी २०१५ रोजी रहिवासी संघटनांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, सर्वसाधारण सभेत बहुमताने ठराव केला तरीही. लहान चालेल, मोठा नको असाही भेद करता येत नाही. केरळ उच्च न्यायालयानेही २०२१ मध्ये पाळीव प्राण्यांवर बंदी घालणारे रहिवासी संघटनांचे नियम बेकायदा ठरवले. तो निकाल महाराष्ट्रातल्या सोसायटीवर थेट बंधनकारक नाही, पण पत्रात उल्लेख करायला वजनदार आहे.

पण कमिटीशी भांडायची जागा सभासदाची आहे आणि तुम्ही सभासद नाही. पत्र मालकाच्या नावाने, मालकाच्या सहीने जायला हवं. घर घेण्याआधी त्याला सरळ विचारा: 'कमिटीने हरकत घेतली तर तुम्ही पत्र द्याल का?' उत्तर द्यायला तो घुटमळला तर दुसरं घर बघा. कायदा तुमच्या बाजूने असला तरी रोज त्याच जिन्यातून जायचं असतं.

आणखी एक, या सूचना कुत्र्यांबद्दल आहेत. मांजरवाल्यांनी त्यांवर फार भिस्त ठेवू नये. मांजर जिन्यात दिसत नाही हेच त्यांचं खरं संरक्षण.

९. लिफ्ट वापरू देत नाहीत किंवा त्याचे वेगळे पैसे मागतात.

प्रश्न ८ मधल्याच सूचनांनुसार लिफ्टबंदी करता येत नाही आणि त्यासाठी जादा आकारही लावता येत नाही. दुसरी लिफ्ट असेल तर ती वापरायची विनंती करू शकतात. बाकी गोष्टी आपल्याही हातात आहेत: पट्टा आखूड धरा, कुणी घाबरत असेल तर पुढची लिफ्ट घ्या आणि खिशात पिशवी ठेवा. गच्चीवर घाण सापडली की ती भटक्या मांजराची असली तरी बोट तुमच्याकडेच येतं.

१०. करारात प्राण्याबद्दल काय लिहून घ्यायचं?

नोंदणीसाठी घरी येऊन अंगठे घेणारा एजंट ठरलेला नमुना वापरतो. त्यात प्राण्यांचं कलम बहुधा नसतं किंवा 'प्राणी पाळू नये' असं आधीच छापलेलं असतं आणि ते कुणी वाचत नाही. अंगठ्याआधी मसुदा मागवा, वाचा आणि जादा अटींत अशा आशयाचा मजकूर घाला:

'भाडेकरूकडे एक देशी जातीचा कुत्रा व एक मांजर असून त्यांना सदर जागेत ठेवण्यास मालकाची संमती आहे. प्राण्यांमुळे जागेचे झालेले नुकसान भाडेकरू स्वखर्चाने दुरुस्त करून देईल. सोसायटीने हरकत घेतल्यास मालक सोसायटीस लेखी संमती कळवील.'

बिलांचंही कलम त्यातच घ्या: भाड्यात काय काय आहे, विजेची मर्यादा किती, जादा युनिटचा दर कसा काढायचा. दरवर्षीची ५ किंवा १० टक्के वाढ कशावर लागणार हेही लिहा. चोवीस हजारांवर वाढ लावली तर तुम्ही वायफायवरही वाढ देता.

११. ११ महिन्यांचा करार आहे, नोटरी केली. पुरेसं नाही का?

महाराष्ट्रात नाही. ११ महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही हा समज बाहेरच्या राज्यांतून आला असावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृतच असला पाहिजे, मुदत कितीही असो. नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची आहे. चुकल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. करार नोंदलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. मालक नोंदणी टाळत असेल तर ही ओळ त्याला नम्रपणे सांगून बघा.

१२. बिलं धरून भाडं दाखवलं तर मुद्रांक शुल्क वाढतं, म्हणून मालक कमी भाडं लिहू म्हणतात.

फरक किती आहे ते बघा. शुल्क ०.२५ टक्के आहे. कराराच्या मुदतीतलं एकूण भाडं आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेली रक्कम यांच्या बेरजेवर ते लागतं. ११ महिने, भाडं २४,००० आणि डिपॉझिट ७५,००० धरलं तर शुल्क सातशेच्या आसपास. भाडं २०,००० दाखवलं तर सहाशेच्या आसपास. शंभर रुपयांसाठी खोटा आकडा लिहू नका. उद्या पावत्यांचा किंवा डिपॉझिटचा वाद झाला तर लिहिलेला आकडाच समोर येतो. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये वेगळी.

१३. प्राणी आहे म्हणून जादा डिपॉझिट मागतात. द्यावं का?

पुण्यात दोन-तीन महिन्यांचं डिपॉझिट चालतं, मुंबईत त्याहून जास्त. प्राण्यासाठी एक महिना वाढवून मागितला आणि तो परत मिळणार असेल, तर मी देईन. 'नाही'पेक्षा ते बरं. 'पेट फी' म्हणून परत न मिळणारी रक्कम मागितली तर नाही म्हणेन, कारण प्रश्न १० मधल्या कलमात नुकसानभरपाई तुम्ही आधीच कबूल केली आहे. सगळी रक्कम करारात लिहा आणि बँकेतून द्या.

१४. कोणती कागदपत्रं तयार ठेवू?

रेबीजच्या लसीचं चालू वर्षाचं कार्ड आणि महापालिकेचा कुत्र्याचा परवाना. नसबंदी झाली असेल तर त्याचा दाखला. आधीच्या मालकाची 'प्राण्यांचा त्रास झाला नाही' अशी चार ओळींची चिठ्ठी मिळाली तर या सगळ्यांपेक्षा भारी. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवणं हे मालकाचं काम आहे. ती ऑनलाइन भरता येते, मागे लागून भरून घ्या.

१५. शेजारी भुंकण्याची तक्रार करतात. घर सोडायला लावतील का?

मंडळाच्या सूचनांनुसार भुंकणं हे बंदीचं कारण होत नाही. मालक मात्र करारातली नोटीस देऊ शकतो, म्हणून तक्रार कमिटीतून मालकापर्यंत पोचण्याआधी मिटवा. तुम्ही नसताना मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून ठेवा. कुत्रा खरंच दिवसभर ओरडतो की दुपारी कुरिअरवाला आल्यावर पाच मिनिटं, हे कळतं. आमच्याकडे दुसरं निघालं, शेजारच्या आजींना ते ऐकवलं आणि प्रकरण तिथेच संपलं.

चावणं ही वेगळी बाब. प्राण्याबद्दलच्या निष्काळजीपणासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

१६. मांजरासाठी घर बघताना काय पाहायचं?

बाल्कनी आणि खिडक्या. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी मांजर कुरतडतं आणि वरच्या मजल्यावरून पडतं. स्टीलची जाळी लावायची परवानगी लेखी घ्या. भिंतीत खिळे नको म्हणत असतील तर चौकटीत अडकवायची जाळी मिळते. स्लायडिंग खिडकीच्या मच्छरजाळीवर भरवसा ठेवू नका.

१७. घर सोडताना वासावरून आणि ओरखड्यांवरून डिपॉझिट कापतात. काय करू?

राहायला जाताना प्रत्येक दाराचा, दाराच्या खालच्या कडेचा, सोफ्याचा व्हिडिओ काढून त्याच दिवशी मालकाला पाठवा. आमच्या दुसऱ्या घराच्या मालकांनी दारावरचे ओरखडे बंड्याच्या नावावर घातले. व्हिडिओत ते आम्ही येण्याआधीपासून होते. तरी रंगाचे पैसे कापलेच, पण दाराचे सोडले.

लघवीचा वास फिनाईलने जात नाही, त्यावर फक्त दुसरा वास चढतो. एन्झाइम असलेलं क्लीनर लागतं आणि ते फरशीच्या सांध्यांत मुरू द्यावं लागतं. शिवाय फिनाईलसारखे फिनॉलवाले द्रव मांजरांना विषारी असतात. मांजराच्या घरात ते आणूच नका. घर दाखवण्याच्या आधी दोन दिवस खिडक्या उघड्या ठेवा आणि बाहेरच्या माणसाला वास घ्यायला लावा. आपल्या नाकाला आपलं घर कळत नाही.

१८. करार झाला तेव्हा प्राणी नव्हता. आता पिल्लू आणलंय.

करारात मनाई आहे का ते आधी बघा. असेल तर मालकाला विचारून पुरवणी लेखी करून घ्या. मनाई नसली तरी कळवा, निदान मेसेजने. नकार आला म्हणून पिल्लू रस्त्यावर सोडणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. नवं घर मिळेपर्यंत नातेवाइकांकडे ठेवा.

१९. कुत्रा-मांजर नाही, पोपट आणि कासव आहे. तेही सांगावं लागेल का?

मिठ्ठू पोपट आणि पाठीवर ताऱ्यांची नक्षी असलेलं कासव घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली मुळातच बेकायदा आहे. तिथे प्रश्न घरमालकाचा राहत नाही, वनखात्याचा होतो. बजरी किंवा लव्हबर्ड असतील तर जरूर सांगा. पहाटेचा किलबिलाट शेजाऱ्यांपर्यंत जातो.

२०. बिलं धरून भाडं देतो, पण मालकाने लाइट बिलच भरलं नाही. वीज तोडायला आले तर?

'सगळं धरून'चा हा खरा धोका आहे, आणि बहुतेकांना तो अंधारात बसल्यावर कळतो. वीज कायदा, २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. पण ती ग्राहकाच्या, म्हणजे मालकाच्या नावावर जाते, तुम्हाला कळेलच असं नाही. म्हणून घराचा महावितरणचा ग्राहक क्रमांक पहिल्याच दिवशी मागून घ्या आणि महिन्यातून एकदा बिल भरलंय का ते ऑनलाइन बघा. थकलं असेल तर मालकाला लेखी कळवा. उत्तर आलं नाही तर स्वतः भरा, पावती पाठवा आणि तेवढी रक्कम पुढच्या भाड्यातून वळती करा. तसं करता येईल असं एक वाक्य प्रश्न १० मधल्या कलमात आधीच घातलेलं असेल तर वादच होत नाही. आमच्याकडे तो बारा आकडी क्रमांक फ्रिजवर चिकटवलेला आहे, साखरीच्या पुढच्या लसीच्या तारखेशेजारी.